उडत्या गाड्यांचा आवाज कुणाच्या छतावर?

प्रश्न असा आहे: आजपासून सव्वाशे वर्षांनी घडणारी कथा लिहायची आहे, पण विज्ञानाची पदवी नाही. मग त्या काळातलं तंत्रज्ञान आणि समाज कल्पायचा कसा, आणि तो वाचकाला पटेल असा उभा करायचा कसा?

पदवीची चिंता आधी सोडून द्या. नव्या लेखकांच्या विज्ञानकथा मी बरीच वर्षं वाचतो आहे आणि त्यांतल्या फार थोड्या भौतिकशास्त्राच्या चुकीने पडतात. बहुतेक पडतात त्या वेगळ्याच कारणाने. लेखकाने यंत्रं नवी आणलेली असतात आणि माणसं मात्र आजचीच ठेवलेली असतात. आकाशात गाड्या उडताहेत, घरात यंत्रमानव वावरतोय, आणि नायक सकाळी नऊला ऑफिसात जातो, साहेबाची बोलणी खातो, संध्याकाळी घरी येऊन बायकोशी भांडतो. मग त्या गाड्या उडाल्या काय नि रांगल्या काय, कथेला काडीचाही फरक पडत नाही.

माझं काम उलट्या बाजूने चालतं. एखादं यंत्र सुचलं की ते काय काय करू शकतं याची यादी मी करत बसत नाही. ते आल्यामुळे कुणाचं कोणतं काम सुटलं, कुणाचा भाव वधारला नि कुणाचा पडला, आणि ते बिघडलं की मध्यरात्री कुणाला उठवावं लागतं, एवढंच विचारतो. या प्रश्नांची उत्तरं लिहीत गेलं की समाज त्यांतूनच तयार होतो. त्याची वेगळी आखणी करावी लागत नाही.

लिफ्ट घ्या. दोर तुटला तरी पाळणा खाली कोसळणार नाही असा ब्रेक एलिशा ओटिसने 1850 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये लोकांसमोर करून दाखवला. त्याआधी युरोपातल्या पाच-सहा मजली इमारतींत पैसेवाले खालच्या मजल्यांवर राहत आणि छपराखालच्या खोल्या नोकरांच्या नि गरिबांच्या वाट्याला येत, कारण इतके जिने चढायचे कुणी? लिफ्ट रुळली आणि ही उतरंड उलटी झाली. सगळ्यात वरचा मजला सगळ्यात महाग झाला. ओटिसच्या काळात बसून लिफ्टवर कथा लिहिणाऱ्याला ‘आता जिने चढायला नकोत’ हे सुचणं सोपं होतं. पण छपराखाली शिवणकाम करून जगणाऱ्या बाईला घर सोडावं लागणार आहे, कारण तिच्या खिडकीतून दिसणाऱ्या दृश्याला आता गिऱ्हाईक आलंय, हे ज्याला सुचलं असतं त्याच्या हाती कथा लागली असती.

आता हेच एका काल्पनिक गोष्टीवर करून दाखवतो. समजा, एक गोळी निघाली. रोज एक घ्यायची, आणि दोन तासांची झोप पुरते. दुष्परिणाम काही नाहीत. (दुष्परिणाम ठेवले की कथा औषध कंपनीच्या घोटाळ्याची होते आणि ती फार वेळा लिहून झाली आहे. गोळी उत्तम चालू द्या, खरी गंमत तिथे आहे.)

पाण्यात खडा टाकल्यासारखे परिणाम वलयावलयाने पसरतात. त्यांतलं पहिलं वलय सरळ आहे: माणसाला दिवसाचे सहा तास जास्त मिळाले. लोक वाचतील, गाणं शिकतील, मुलांशी खेळतील. जाहिरातीत हेच असणार. नवा लेखक बहुतेक वेळा इथेच थांबतो.

दुसऱ्या वलयात ते सहा तास हातातून निसटायला लागतात. एकाने त्या वेळात दुसरी नोकरी धरली, मग शेजाऱ्याने धरली. काही वर्षांत घरभाडी दोन पगारांच्या हिशेबाने वाढली आणि एका पगारात राहणं अवघड झालं. दोन तासांसाठी वेगळी झोपायची खोली कशाला, म्हणून घरं लहान झाली, आणि एक पलंग चौघांनी पाळीपाळीने वापरायचा ही साधी गोष्ट ठरली. दुकानं, दवाखाने, कोर्टं चोवीस तास उघडी. विजेची मागणी पूर्वी रात्री ओसरायची, ती आता ओसरत नाही. रेल्वेचे रूळ नि पाण्याच्या मोठ्या वाहिन्या रात्री दुरुस्त करायच्या, तर आता तशी रात्रच उरली नाही. रात्रपाळीचा भत्ता कुठल्या तोंडाने मागायचा? चोरांचीही पंचाईत, कारण सगळं गाव जागं.

तिसऱ्या वलयात मी विचारतो, की गोळी कुणाला चालत नाही. वाढत्या वयात झोप हवीच, म्हणून अठरा वर्षांखालच्यांना कायद्याने बंदी धरू. म्हणजे घरात मुलं आठ-नऊ तास झोपलेली आणि मोठी माणसं जागी. आईबापांच्या आयुष्याचा केवढा तरी भाग मुलांनी पाहिलेलाच नसतो. मुलं झोपल्यावर घरात काय चालतं याच्या अफवा शाळेत पसरतात. मग अशीही माणसं असणार ज्यांच्या शरीराला गोळी लागूच पडत नाही. त्यांना कामावर कोण ठेवील? विम्याच्या अर्जात त्यांच्यासाठी एक रकाना येईल. ‘झोपाळू’ ही आजची थट्टा तेव्हा अंगावर धावून जाण्याइतकी कडवट शिवी झालेली असेल. आणि दोन पिढ्यांनी उलटंच होईल: ज्याला काम करायची गरज नाही तो ऐटीत आठ तास झोपेल आणि ते लोकांना कळेल अशी व्यवस्थाही करील.

इथे आल्यावर मला माणूस दिसायला लागतो. गोळी लागू न पडणारी एक बाई, जी ही गोष्ट कामावर लपवून आहे. ती झोपते कुठे, कधी, कुणाला काय सांगून? घरात सतरा वर्षांची मुलगी आहे. आज घरात रात्रभर झोपणाऱ्या दोघीच, त्यामुळे त्यांच्यात एक गूळपीठ आहे, आणि काही महिन्यांनी मुलगी अठराची होणार. मुलीला गोळी हवी आहे. आता विचार पुरे, लिहायला बसा. विजेच्या मागणीचं आणि घरभाड्याचं सगळं गणित कथेत येणार नाही, पण ते माहीत असल्यामुळे स्वयंपाकघरातला एक साधा संवादही त्याच जगातला वाटेल.

बदल एका रात्रीत घडवू नका, हे मी जवळजवळ प्रत्येक हस्तलिखितावर लिहितो. एडिसनचं विद्युतकेंद्र न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर 1882 मध्ये सुरू झालं. 1900 साली अमेरिकेतल्या कारखान्यांत यंत्रं चालवणाऱ्या शक्तीपैकी पाच टक्केसुद्धा विजेच्या मोटारींची नव्हती. कारण कारखान्याची सगळी रचना वाफेच्या इंजिनाभोवती झालेली होती. एक मोठं इंजिन, छताखालून फिरणारे लांबलचक लोखंडी दांडे, त्यांवरून पट्टे उतरून प्रत्येक यंत्राला गती. दांडा फार लांब नेता येत नसे, म्हणून इमारती बहुमजली आणि यंत्रं गर्दीने रचलेली. मालकांनी सुरुवातीला काय केलं, तर वाफेचं इंजिन काढून त्याच जागी एक मोठी विजेची मोटार बसवली. दांडे तेच, पट्टे तेच. फायदा बेताचाच झाला. प्रत्येक यंत्राला स्वतःची छोटी मोटार द्यायची, दांडे काढून टाकायचे, इमारत एकमजली पसरवायची आणि यंत्रं कामाच्या क्रमाने मांडायची, हे अंगवळणी पडायला 1920 चं दशक उजाडलं. मधली जवळजवळ चाळीस वर्षं वीज होती, पण कारखाना मनाने वाफेचाच होता.

हा मधला काळ लेखकासाठी फार सुपीक. नवं आलंय, जुनं गेलेलं नाही, नियम जुन्याचे आहेत आणि भांडणं नव्याची. ब्रिटनमध्ये 1865 च्या कायद्याने स्वयंचलित वाहनापुढे लाल निशाण घेतलेला माणूस चालणं सक्तीचं केलं होतं. वेग ताशी चार मैल, आणि गावात दोन. त्या निशाणवाल्या माणसाची गोष्ट मला कुणीतरी सांगायला हवी आहे. तो गाडीबद्दल काय विचार करत असेल? ती जितकी हळू चालेल तितकी त्याची नोकरी पक्की. तुमच्या भविष्यातला निशाणवाला कोण आहे ते शोधा.

जुन्याचा मुक्काम तर आपल्याला वाटतो त्यापेक्षा फार लांबतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने व्ही-2 हे अग्निबाण डागले आणि त्याच जर्मन सैन्याची रसद लाखो घोडे ओढत होते. बी-52 हे बॉम्बफेकी विमान पहिल्यांदा उडालं 1952 मध्ये, ते अजून सेवेत आहे. बँकांचे कितीतरी व्यवहार आजही कोबोल या संगणकभाषेत लिहिलेल्या प्रणालींवर चालतात, आणि ती भाषा आखली गेली 1959 मध्ये. म्हणून 2150 च्या कथेत सगळंच चकचकीत नि पांढरं दिसलं की मला संशय येतो. त्या शहरातल्या निम्म्या इमारती तरी आजच्या असायला हव्यात, आणि त्यांत नव्या वायरी कुठून नेल्या आहेत ते दिसायला हवं.

काही गोष्टी पुढे जाऊन मागेही येतात. कॉन्कॉर्ड हे ध्वनीपेक्षा वेगवान विमान 1976 पासून 2003 पर्यंत प्रवासी नेत होतं. आज तिकीट काढून त्या वेगाने जाता येत नाही. इंधन फार लागायचं, तिकीट मोजक्यांना परवडायचं, आणि ध्वनीचा वेग ओलांडताना होणारा धमाका खालच्या लोकांना नको होता, म्हणून बहुतेक ठिकाणी जमिनीवरून त्या वेगाने उडायला मनाई होती. तंत्र जमलं, शेजाऱ्यांशी जमलं नाही. उडत्या गाड्या लिहिणाऱ्या प्रत्येकाला मी हेच विचारतो: तिचा आवाज कुणाच्या छतावर पडतो, आणि त्या छताखालच्यांनी काय केलं? बहुधा श्रीमंत वस्त्यांवरून उडायला बंदी असेल आणि उड्डाणमार्ग गरिबांच्या डोक्यावरून आखलेले असतील. बघा, समाज आला.

शोध लावणाऱ्याने एक योजावं आणि वापरणाऱ्याने भलतंच करावं, हेही लक्षात ठेवा. केनियात 2007 मध्ये एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा सुरू झाली. आधीची कल्पना होती छोट्या कर्जांचे हप्ते फोनवरून फेडता यावेत अशी. चाचणीतच दिसलं की लोक ती एकमेकांना पैसे पाठवायला वापरताहेत, आणि मग सेवेची जाहिरातच ‘घरी पैसे पाठवा’ अशी झाली. त्याच्याही आधी लोक फोनचा टॉकटाइम एकमेकांना पाठवून चलनासारखा वापरत होतेच. तेव्हा तुमच्या यंत्राचा एक तरी वापर असा ठेवा जो त्याच्या निर्मात्याला आवडला नसता.

विज्ञानाचं म्हणाल, तर तीन-चार भिंती ओळखून ठेवल्या तरी पुष्कळ झालं. प्रकाशाचा वेग ही सगळ्यात मोठी. पृथ्वीवरून मंगळावर संदेश पोहोचायला, दोन्ही ग्रह कुठे आहेत त्यावर, सुमारे 3 ते 22 मिनिटं लागतात. म्हणजे मंगळावरच्या माणसाशी फोनवर बोलणं नाहीच. जाऊन-येऊन चाळीस मिनिटांच्या अंतराने दोन माणसं भांडतील कशी? एकाने रागात पाठवलेलं वाक्य वाटेत असतानाच दुसऱ्याची माफी निघालेली असेल. पुष्कळ लेखक ही अडचण ‘क्वांटम संदेशवाहक’ असं काहीतरी लिहून मोडून टाकतात आणि हातात आलेली कथा घालवतात. (क्वांटम गुंतणुकीने, म्हणजे लांब असलेल्या दोन कणांच्या एकमेकांशी जोडलेल्या अवस्थेने, प्रकाशापेक्षा वेगाने संदेश पाठवता येत नाही, हे जाता जाता.) ताऱ्यांचं अंतर याहून निर्दय आहे. व्हॉयेजर-1 हे यान 1977 मध्ये निघालं, सेकंदाला सुमारे 17 किलोमीटर वेगाने चाललंय, आणि त्या वेगाने सगळ्यात जवळच्या ताऱ्याचं, प्रॉक्सिमा सेंटॉरीचं, 4.24 प्रकाशवर्षांचं अंतर कापायला सुमारे 75 हजार वर्षं लागतील.

उष्णता ही दुसरी भिंत, आणि ती जवळजवळ सगळे विसरतात. अवकाशात थंडी असते म्हणून यान गारठेल असं लिहिलं जातं. प्रत्यक्षात निर्वातात उष्णता फक्त प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपाने, बाहेर जाते, म्हणून यंत्रं नि माणसं भरलेल्या यानाला गार ठेवणं हीच कटकट असते. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर त्यासाठीच मोठे पांढरे रेडिएटर बाहेर पसरलेले आहेत. लपून बसलेलं अवकाशयान लिहिणार असाल तर ते आपली उष्णता कुठे लपवतं, याचं उत्तर तयार ठेवा. कृत्रिम गुरुत्वासाठी स्थानक फिरवायचं असेल तर मिनिटाला दोन फेऱ्यांत पृथ्वीइतकं वजन भासायला त्रिज्या सुमारे 224 मीटर लागते. एवढं मोठं बांधायला पैसे कुणी दिले, हा लगेच पुढचा प्रश्न. नियम मोडायचाच असेल तर एकच मोडा, कथेच्या सुरुवातीलाच मोडा, आणि त्याची किंमत पात्रांकडून वसूल करा.

यंत्राच्या पोटात मात्र फार शिरू नका. 1945 मध्ये, पुढे विज्ञानकथालेखक म्हणून गाजलेल्या आर्थर सी. क्लार्क यांनी ‘वायरलेस वर्ल्ड’ या मासिकात मांडलं की विषुववृत्ताच्या वर सुमारे 36 हजार किलोमीटरवर तीन केंद्रं ठेवली तर जगभर प्रक्षेपण पोहोचवता येईल. गणित चोख होतं, आणि 1964 मध्ये सिनकॉम-3 हा उपग्रह अशाच कक्षेत स्थिरावला. पण क्लार्क यांच्या कल्पनेतल्या केंद्रात माणसं राहणार होती. तेव्हाची उपकरणं व्हॉल्व्हवर, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर चालत, व्हॉल्व्ह सारखे जात, मग ते बदलायला कुणीतरी हवंच. दोनच वर्षांनी, 1947 मध्ये, व्हॉल्व्हची जागा पुढे घेणारा ट्रान्झिस्टर आला. इतक्या तयारीच्या माणसाला जे दिसलं नाही ते आपल्याला दिसेल अशा भ्रमात राहू नये. परिणाम ठळक लिहा, आतली रचना धूसर ठेवा.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल हल्ली सगळेच लिहितात, म्हणून एवढंच: ती बंड करते की नाही याचा मला कंटाळा आलाय. तिने चुकीचा निर्णय दिल्यावर दाद कुणाकडे मागायची, त्या खिडकीवर कोण बसलंय, ते लिहा.

लोकसंख्येकडे मात्र लेखकांचं फारच दुर्लक्ष होतं. भविष्य म्हटलं की खच्चून भरलेली शहरं काढायची ही सवय जुनी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 2024 च्या अंदाजानुसार जगाची लोकसंख्या 2080 च्या दशकाच्या मध्यावर सुमारे 1030 कोटींवर पोहोचून मग उतरू लागेल. दक्षिण कोरियात 2023 मध्ये जननदर 0.72 होता, म्हणजे दर स्त्रीमागे एक मूलसुद्धा नाही. हे असंच चाललं तर 2150 च्या पुष्कळशा देशांत म्हातारे भरपूर, बंद पडलेल्या शाळा, आणि तरुणांना आपल्याकडे ओढण्यासाठी देशादेशांत चढाओढ असू शकेल. काका, मावशी, चुलतभाऊ ही नाती असलेला माणूस तेव्हा विरळा असेल. एकाही यंत्राचं नाव न घेता लिहिता येण्याजोगी ही विज्ञानकथा आहे.

आता सांगायचं कसं. आपण फ्रिज उघडताना तो कसा चालतो ते कुणाला समजावत नाही. तसंच तुमची पात्रंही करणार नाहीत. ‘2138 मध्ये शोध लागलेल्या श्रवणदुभाषी यंत्रामुळे आता सर्व भाषा समजत होत्या’ हे वाक्य माहितीपत्रकातलं आहे. त्याऐवजी आई म्हणते, ‘आजोबांसमोर तरी ते कानातलं काढ. तुझ्या तोंडून आपली भाषा ऐकायला ते एवढे लांबून आलेत.’ यात यंत्र आलं, भाषेचं काय झालं ते आलं, दोन पिढ्यांतलं अंतर आलं, आणि वाचकाला आपण शिकतोय असं वाटलंही नाही. नवी वस्तू वाचकासमोर आणायचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे तिच्याबद्दल कुणालातरी कुरकुर करू देणं. नावंही लोकांच्या तोंडची ठेवा. बोजड पारिभाषिक नाव अर्जावर असतं, घरात ते ‘कानातलं’च होतं.

साल लिहायचं टाळता आलं तर टाळा. ‘पणजी गाडी स्वतः चालवायची’ एवढ्यानेही काळ कळतो, आणि प्रत्यक्षातलं ते साल उगवल्यावर कथा हास्यास्पद होत नाही.

खर्डा झाला की वैज्ञानिक मित्र असेल तर त्याला दाखवा, पण त्याआधी नर्सला, वायरमनला, हिशेबनिसाला, शाळेच्या शिपायाला दाखवा. वैज्ञानिक विचारील गोळी मेंदूतल्या कुठल्या रसायनावर काम करते, आणि ते तुम्हाला टाळता येईल. नर्स विचारील, की गोळी घेतलेला पेशंट तरीही चार तास झोपून राहिला तर त्याला हलवून उठवायचं की झोपू द्यायचं, आणि ते ठरवायचा अधिकार कुणाला. याचं उत्तर तुमच्याकडे नसेल, तर खर्डा अजून तिसऱ्या वलयापर्यंत पोहोचलेला नाही.